दुसरा ब्रेक

सोमवार, ४ मार्च

उजवी पोटरी दुखते म्हणून गेले, तर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्याच नाहीत. म्हणाल्या, महिनाभर वहीत लिहून ठेवा, कधी दुखते, काय करताना दुखते, मग बघू. म्हणजे आता हेही काम माझ्याच गळ्यात. ऑफिसातली एक कोरी वही घरी आणली आहे. सव्वीस वर्षांत उचललेली ही पहिलीच सरकारी वस्तू.

तर नोंद. आज नऊ परीक्षा. पाच पास, चार नापास. दुखणं सकाळी नाही, दुपारी थोडं, घरी आल्यावर भरपूर.

डॉक्टरीणबाईंना आमचं काम समजावून सांगावं लागलं, ते इथेही लिहून ठेवते. गाडीचा परवाना मागायला जो येतो, त्याच्या शेजारच्या सीटवर मी बसते. माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. गाडी कुठे आदळणार असं वाटलं की मी तो दाबायचा. मी दाबला की उमेदवार नापास, बाकीचं कितीही छान चालवलेलं असो. आणि नापास झाला की तो एकच वाक्य म्हणतो, "बाई, मी थांबणारच होतो." बायका "थांबणारच होते" म्हणतात, एवढाच फरक. ऑफिसात हा आमचा जुना विनोद आहे. साहेब तासभर उशिरा आले की आम्ही एकमेकींकडे बघून म्हणतो, येणारच होते.

बुधवार, ६ मार्च

सात परीक्षा. दिवसभर पाय ठीक.

संध्याकाळी लेकीचा फोन. कायमची नोकरी सोडून मैत्रिणीबरोबर सायकलदुरुस्तीचं दुकान काढायचं म्हणते. मी काही बोलले नाही. फक्त विचारलं, विमा काय, आजारपणाचं काय, मैत्रीण उद्या फिरली तर काय, आणि हात काळे करून घ्यायलाच शिकलीस का. ती म्हणाली, "आई, मी अजून विचारच करतेय," आणि फोन ठेवला.

पाय दुखला. खुर्चीत बसूनही दुखतो, हे डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.

गुरुवार, ७ मार्च

आज बाबा आणि काकांची गुरुवारची फेरी. दर गुरुवारी पाच वाजता बाबा गाडी काढतात, काकांना शेजारी बसवतात आणि तलावाला वळसा घालून सातपर्यंत परत येतात. बाबा अठ्ठ्याहत्तर, काका चौऱ्याहत्तर. काकांची नजर गेल्या चार वर्षांत जवळजवळ गेलीच आहे, त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आमच्या समोरच्याच घरात राहतात, लग्न केलं नाही. लग्नाला त्यांच्या पक्षाच्या समितीची मंजुरी मिळाली नसेल, असं बाबा म्हणतात.

फेरीचा उद्देश तलाव नाही, भांडण. बाबा 'मोकळ्यां'च्या पक्षाचे, काका 'सोबत्यां'च्या. बाबांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि तीस वर्षं एक चारपानी पाक्षिक चालवलं. त्यात दर अंकात तेच असायचं, माणूस जात्याच स्वार्थी आहे, म्हणून त्याला मोकळं सोडा, आपलं भलंबुरं त्याचं त्याला कळतं. काका कारखान्यात फिटर होते, पुढे युनियनचे सेक्रेटरी. त्यांचं म्हणणं, माणूस मुळात चांगला असतो, परिस्थिती त्याला बिघडवते, म्हणून त्याला एकट्याला सोडू नका, सगळं सगळ्यांनी मिळून ठरवा.

मला राजकारणातलं कळत नाही. पण मी लहानपणापासून बघत आलेय की माणूस मुळात चांगला म्हणणारे काका सायकलला दोन कुलपं लावायचे, आणि सगळे स्वार्थी म्हणणाऱ्या बाबांचं घराचं दार दिवसभर सताड उघडं. हे मी एकदा दोघांना बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "कुलूप लावायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न." काका म्हणाले, "चांगला माणूस बिघडू नये म्हणून तर कुलूप लावतो." दोघांनाही आपलं उत्तर फार आवडलं होतं.

आणि दार उघडं असलं तरी मला मात्र सातच्या आत घरात यावं लागे. कॉलेज संपलं, पहिली नोकरी लागली, तरी सात. माणसाला मोकळं सोडा हे छापून आलेलं असायचं, त्याच्याच घड्या मी घालायची, आणि सातला पाच कमी असताना जिना चढत असायची.

पाय दुखला नाही. ते गेल्यावर मी दोन तास झोपले.

शुक्रवार, ८ मार्च

बाबांना पत्र आलं. पंचाहत्तरीच्या पुढच्या सगळ्यांनी नव्याने परीक्षा द्यायची. बाबांचा परवाना या महिन्यात संपतो, त्याआधी. आणि यात नापास तो कायमचा नापास, पुन्हा संधी नाही. हा नियम कोणी आणला? मोकळ्यांच्या सरकारने. नियमांच्या चिंध्या करू म्हणून निवडून आले, आणि आल्या आल्या हे. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

सोबत्यांनी लगेच चौकात सभा घेतली. 'ज्येष्ठांच्या स्वातंत्र्यावर घाला' असा फलक होता म्हणे. हात धरून काकांनाही स्टेजवर नेलं. काका बोलले आणि आयुष्यात पहिल्यांदा 'व्यक्ती' हा शब्द शिवीसारखा न उच्चारता बोलले. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय रे, कधीपासून?" काका म्हणाले, "दादा, तू गप्प बस, तुझ्याच परवान्यासाठी घसा बसवून आलोय."

बाबा हसले. पण नंतर मला म्हणाले, "आमच्या लोकांनी हे असं करायला नको होतं." त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी उशा ऊन द्यायला घेऊन गेले.

सोमवार, ११ मार्च

आमच्या ऑफिसात परीक्षक दोनच. दुसऱ्याची पाठ धरल्याने तो महिनाभर रजेवर. म्हणजे बाबांची परीक्षा मीच घ्यायची. साहेबांना सांगितलं की सख्खा बाप आहे, बरं दिसत नाही. त्यांनी कागद चाळले. नव्या परवान्याला नातेवाइकांची परीक्षा घ्यायची मनाई आहे, पण फेरपरीक्षेचा नियमच नवा, त्यात तसं काही लिहिलेलं नाही. "लेखी मनाई नाही," साहेब म्हणाले आणि मोकळे झाले.

बाबांना म्हटलं, तालुक्याच्या ऑफिसात तारीख मागू या, लांबली तर लांबली. "त्या तारखेपर्यंत गुरुवार बुडतील," ते म्हणाले. "तू नियमाने वाग, मी नियमाने चालवतो. त्यात बाप-लेक कुठे आले?"

पाय कालपासून दुखतोय, काहीही न करता.

मंगळवार, १२ मार्च

नापास.

जसं झालं तसं लिहिते. बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले. ऑफिसच्या बाकावर इतर उमेदवारांबरोबर नंबर येईपर्यंत बसले. मी नाव पुकारलं तेव्हा उभे राहिले आणि "हजर" म्हणाले, शाळेसारखं. गाडी छान चालवली. आरसे बघितले, वेग ठेवला, चढावर गाडी मागे येऊ दिली नाही. चार तारखेला पास केलेल्या पाच जणांपेक्षा चांगली चालवली, हे मी शपथेवर सांगेन.

परत येताना बाजाराच्या वळणावर दूधवाल्याची सायकल गल्लीतून एकदम बाहेर आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. सायकल पुढून निघून गेली, दूधवाल्याने मागे वळूनही बघितलं नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच गाडी सुरू केली आणि ऑफिसपर्यंत आणली. मी कागदावर कारणाच्या रकान्यात नेहमीचं लिहिलं, 'परीक्षकास हस्तक्षेप करावा लागला.' बाबांनी खाली सही केली, पेन टोपण लावून परत दिलं. मी ते वाक्य ऐकायची वाट बघत होते. ते म्हणालेच नाहीत. सव्वीस वर्षांत न म्हणणारे हे पहिलेच.

बुधवार, १३ मार्च

सुट्टी घेतली. कपाटं आवरली.

गुरुवार, १४ मार्च

पाच वाजता काका काठी टेकत आले आणि सवयीने दारात उभे राहिले. बाबा म्हणाले, "आज नाही रे. आता नाहीच." काकांचा संताप संताप झाला. अपील कर म्हणाले. पंधरा दिवसांची मुदत आहे, गाडीत कॅमेरा आहे, सगळं दिसतं, तुझा हक्क आहे तो. बाबा म्हणाले, "काय दिसायचंय? तिने बरोबर केलं. तिला दिसलं ते मला दिसलं नाही."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू. दोन दिवस मी त्यांच्याशी नजर चुकवत होते. वाटलं होतं, आता महिनाभर ऐकून घ्यावं लागणार. इतक्या सहज मान्य करतील असं वाटलं नव्हतं. वय झालं की माणूस निवळतो.

सोमवार, १८ मार्च

घरात शांतता आहे. बाबा आता कुठे जायचं तर मला विचारून जातात. "खाली पेपर आणायला जाऊ का?" "कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ का?" पूर्वी कुठे जातात याचा पत्ता नसायचा, मी फोन करकरून दमायची. मला बरं वाटलं. मुलीला फोनवर तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "आई, त्यांच्याकडे नीट बघ ना एकदा."

आणखी एक. दुपारी लवकर घरी आले तर दार बंद. मला किल्ली शोधावी लागली, कारण या घराची किल्ली मी कधी वापरलीच नव्हती. आत बाबा खुर्चीत बसलेले. म्हटलं, दार का लावलंत? म्हणाले, "कोण येतंय."

पाय फार नाही दुखला.

गुरुवार, २१ मार्च

आज मीच दोघांना गाडीतून तलावाला नेलं. बाबा शेजारी, काका मागे. दोघांना म्हटलं, भांडा की. काकांनी सुरुवात करून बघितली, "दादा, तुमच्या सरकारने आता सभेलाही परवानगी मागायला लावली आहे, आता बोल." बाबा म्हणाले, "असेल काही कारण." काकांनी बराच वेळ वाट बघितली. मग खिडकीकडे तोंड केलं, जणू बाहेरचं दिसत होतं. आम्ही पावणेसहालाच परत आलो.

जिन्यात काका माझा हात धरून म्हणाले, "चाळीस वर्षं मी त्याला म्हणत होतो, स्वतःचा हट्ट सोड, सगळ्यांचं ऐक. आता ऐकतोय तर मला झोप येत नाही गं." मी म्हटलं, काका, सगळ्यांचंच वय होतं. ते म्हणाले, "हे वय नाही." त्यांना काय दिसणार, असं माझ्या मनात आलं. मनात आलेलंही लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहिलं.

शुक्रवार, २२ मार्च

सहा परीक्षा. त्यातली एक बेकरीतली बाई, तिसऱ्यांदा आलेली. हाताला अजून पीठ. तिला पहाटे पाव पोचवायला गाडी हवी आहे. शाळेच्या फाटकाशी मी ब्रेक दाबला. ती म्हणाली, "बाई, मी थांबणारच होते." मी नेहमीसारखं हो म्हणून कागद काढला. तर तिने डॅशबोर्डवर बोट ठेवलं. "बघा ना, हिरवा लागलाय."

गाडीत दोन बारीक दिवे असतात. उमेदवाराने ब्रेक दाबला तर हिरवा, मी दाबला तर लाल. कॅमेरे बसवले तेव्हापासून आहेत, अपील झालं तर आधी कोणी दाबला ते कळावं म्हणून. ब्रेक दाबताना मी रस्त्याकडे बघते, दिव्यांकडे कोण बघणार? आज बघितले. दोन्ही लागलेले होते. आधी कुठला लागला ते मला सांगता येईना.

मी तिला पास केलं. नियमात बसत नाही. ती रडायला लागली, आणि मला तिच्याकडे बघवेना, कारण तिच्या आधीच्या दोन्ही परीक्षा मीच घेतल्या होत्या.

पाय असा दुखला की ऑफिसच्या पायऱ्यांवर बसावं लागलं.

सोमवार, २५ मार्च

दोन दिवस काही लिहिलं नाही. बाबांना विचारावं असं दहादा मनात आलं, दहादा परत फिरले.

आज नोंदींच्या खोलीत गेले. तिथल्या बाई विणकाम करत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही? तुम्ही तर कधीच मागितलं नाहीत." मी बारा तारखेचं चित्रीकरण मागितलं. पंधरा दिवसांनी पुसलं जातं, म्हणजे परवा गेलंच असतं. बाईंनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, सुया खाली ठेवल्या आणि खोलीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांचे उपकार विसरणार नाही.

सायकल गल्लीतून बाहेर येते. हिरवा दिवा लागतो. मग लाल लागतो.

सहा वेळा बघितलं. हळू करून बघितलं. हिरवा आधी, चांगलाच आधी. बाबांनी सायकल माझ्याआधी बघितली होती आणि ते थांबत होते. मी मात्र ते थांबणार नाहीत असं धरूनच बसले होते. सायकल दिसायच्याही आधी. चित्रात माझा पाय दिसत नाही, पण मला माझा पाय माहीत आहे. तो ऑफिसच्या फाटकापासूनच ब्रेकवर होता.

बाबा म्हणतात माणूस स्वार्थी, काका म्हणतात माणूस चांगला. मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, माझं काही मत नाही बुवा, मी नोकरी करते. सव्वीस वर्षं मी माणसाच्या शेजारी बसून, हा आता आदळणार, असं समजून पाय ताणून बसले आहे, आणि त्याला मी अनुभव म्हणत होते.

मंगळवार, २६ मार्च

अपिलाचा कागद घेऊन घरी आले. परीक्षकाला स्वतःचा निकाल बदलता येत नाही, तो अर्ज उमेदवारानेच करावा लागतो. दार बंद होतं. किल्लीने उघडलं. बाबा आणि काका टेबलाशी न बोलता चहा पीत होते.

मी कागद समोर ठेवला. "बाबा, तुम्ही आधी ब्रेक दाबला होता."

"हो," बाबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाय माझा आहे. मला कळणार नाही?"

काकांनी कप खाली ठेवला. "दादा, आणि मला म्हणालास दिसलं नाही म्हणून?"

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत? सगळे बोलतात."

"सगळे बोलतात म्हणूनच. तू आजवर कोणाचं ऐकलंस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मी तुझ्याकडे बघितलं ना तेव्हा. तुझ्या तोंडावर रंग नव्हता. मला कुठे वाटलं तू मला नापास करतेयस. मला वाटलं, पोरगी घाबरली."

मी म्हटलं, सही करा. उद्या पाचपर्यंत मुदत आहे. ते म्हणाले, नाही. अर्जावर काय छापलंय ते वाच. मी वाचलं होतं. 'परीक्षकाच्या गैरवर्तनाविरुद्ध तक्रार.' दुसरा कुठला छापील अर्जच नाही. "निवृत्तीला तुझे आठ महिने राहिलेत," बाबा म्हणाले. "बापाने लेकीवर तक्रार केली, हे तुझ्या कागदात राहील. मला नको."

"माझी मला काळजी घेता येते. हा तुमचा हक्क आहे, बाबा. तुमचं स्वातंत्र्य आहे. आयुष्यभर हेच छापलंत ना?"

"मग ते वापरतोय की. सही करायची नाही, ही माझी मर्जी."

काका ओरडले, "ही मर्जी नाही, हा गाढवपणा आहे! हक्क तुझा एकट्याचा नसतो. तू सोडलास तर उद्या दुसऱ्या म्हाताऱ्याचा जातो." बाबा म्हणाले, "दुसऱ्या म्हाताऱ्याने आपलं बघावं." दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

काका चिडून गेल्यावर बाबा कप फिरवत बसले. मग म्हणाले, "तू पहिल्या नोकरीला लागलीस तेव्हा मी रोज सातला गॅलरीत उभा राहायचो. आठवतंय?"

"आठवतंय. ओरडायचात."

"तू कोपऱ्यावर दिसायचीस. वळून येताना. मला दिसायचीस तू. तरी ओरडायचो." कप खाली ठेवला. "येणारच होतीस."

मी आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

बुधवार, २७ मार्च

दुपारी काका ऑफिसात आले. एकटे, काठी घेऊन, दोन चौक ओलांडून. माझ्या कानाशी म्हणाले, "कागद दे. दादाची सही मला येते. शाळेत असताना त्याच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांचीही मीच करायचो." मी म्हटलं, काका, तुम्हाला दिसत नाही. ते म्हणाले, "सही काय डोळ्यांनी करतात? त्याच्या भल्याचं आहे. त्याला कळत नसेल तर आपण करायचं."

खोटं सांगत नाही, काल झोपेपर्यंत मीही तोच विचार करत होते. सही मलाही येते. लहानपणी पाक्षिकाच्या पावत्यांवर मीच करायची. फक्त एक रेघ, आणि बाबांना गाडी परत. त्यांच्या भल्यासाठी. मी पेन हातात घेतलंही होतं. आणि उजव्या पोटरीत कळ आली. मांडीवर वही, पाय जमिनीवर, आणि पाय आपोआप ताणलेला. समोर फरशी, ब्रेक नाही, काही नाही. मी बघतच राहिले त्याच्याकडे.

काकांना म्हटलं, नको. त्यांनी नको म्हटलंय.

"आणि त्याचं चुकत असेल तर?"

"तर चुकेल."

काकांनी मान हलवली. "तूही शेवटी बापाचीच मुलगी," असं म्हणाले आणि चहा मागितला. पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. पाचला खिडकी बंद झाली. नोंदींच्या बाई कुलूप लावून गेल्या. काकांनी विचारलं, वाजले का? मी हो म्हटलं.

मग साहेबांकडे जाऊन सांगितलं, उरलेले महिने मला परीक्षा नकोत, खिडकीवर बसवा. कारण विचारलं. पाय दुखतो म्हटलं. खोटं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी लेकीला फोन केला. विचारलं, दुकान कुठे काढताय? ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, काही नाही, सांग. तिने सांगितलं. मी ऐकलं. पाय टेबलाच्या दांडीला अडकवून ठेवला होता.

गुरुवार, २८ मार्च

ऑफिसच्या मागे परीक्षेचं मैदान आहे, भिंतीने बंद केलेलं. आत परवाना लागत नाही, शिकणारेच असतात. पहारेकऱ्याला सांगून पाचनंतर फाटक उघडून घेतलं. आमचीच गाडी नेली. तिला दुसरा ब्रेक नाही.

बाबांना म्हटलं, चालवायची असेल तर चालवा, नको तर मी चालवते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सीट सोडून उतरलेच. काका मागे बसले. मी शेजारी. बाबांनी आरसा आपल्याला हवा तसा फिरवला, मी दोन आठवडे लावून ठेवलेला.

पहिल्या फेरीला काका म्हणाले, "दादा, हे बंद मैदान म्हणजे तुझं स्वातंत्र्य का रे? भिंतीच्या आत?" बाबा म्हणाले, "तुमच्यात तर भिंत सगळे मिळून बांधतात आणि मग आत बसून गाणी म्हणतात." आणि सुरू झाले. माणूस, परिस्थिती, स्वार्थ, सगळं. दोघं एकदम बोलत होते. मला एक शब्द पटला नाही, दोघांचाही, आणि मी गप्प ऐकत होते.

चौथ्या फेरीला बोलता बोलता बाबांनी वेग वाढवला. समोर भिंत. मैदानाच्या त्या टोकाला मी किती जणांना नापास केलंय. माझा उजवा पाय पुढे गेला आणि रबराच्या चटईवर दाबला गेला. खाली काही नाही. पाय कुठे ठेवू कळेना. मागे घेतला तर परत पुढे जातो. शेवटी मी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले. या वयात, नोकरीच्या साडीत.

"भिंत आली असेल ना?" मागून काकांनी विचारलं.

मी काही बोलले नाही. बाबा काकांना अजून काहीतरी समजावत होते. बोलता बोलताच त्यांनी ब्रेक दाबला. गाडी भिंतीपासून चांगली दोन हात आधी उभी राहिली. त्यांनी माझ्या मांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थांबणारच होतो," म्हणाले.

सात वाजून गेल्यावर घरी आलो. दार बाबांनी उघडलं, आणि तसंच ठेवलं.

पाय दुखतोय. पण आज मांडी घातली होती म्हणून.